बंधाऱ्याची दाढी

काकांच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या आहेत. एकीवर गिऱ्हाईक बसतं, दुसरीवर गल्लीतले विद्वान पाळीपाळीने. तिथेच बातमी आली, की डोंगरातल्या ओढ्यांवरचे बंधारे तपासायला सरकारी खात्याकडे माणसं नाहीत, म्हणून हे काम आता नागरिकांनी हौसेने करायचं आहे. माणसं नव्हती, पण नारिंगी जॅकेटं भरपूर होती. एका दिवसाच्या प्रशिक्षणात काकांना त्यातलं एक मिळालं आणि पुराबरोबर येणारे दगडगोटे अडवणारा वरच्या ओढ्यावरचा बंधारा त्यांच्या वाट्याला आला.

काम सोपं होतं: बघा, फोटो काढा, कळवा. हात मात्र लावू नका, हे खात्याच्या साहेबांनी दोनदा बजावलं.

ज्याचा उभा जन्म लोकांच्या डोक्याला हात लावण्यात गेला, त्याला हे सांगण्यात काय अर्थ? काका पहिल्यांदा वर गेले तेव्हा बंधाऱ्याच्या तोंडावर झुडपं माजली होती. असल्या अवतारात कुणी फोटोला बसतं का? त्यांनी झुडपं उपटली, शेवाळ खरवडलं. तेव्हा तळाशी एक भेग दिसली, पाणी पाझरणारी. गिऱ्हाइकाला कापलं की काका तुरटी फिरवतात. इथे त्यांनी बादलीभर सिमेंट फिरवलं आणि मग फोटो काढला. शेरा लिहिला, 'उत्तम'.

"अहो, माझ्याकडे बघून कधी 'उत्तम' म्हणालात का?" काकूने विचारलं.

खात्याने मात्र तो फोटो कचेरीत लावला. बंधारा कसा असावा, हे इतर स्वयंसेवकांना त्यावरून शिकवू लागले. भेग दर तपासणीला नव्याने उघडायची, आधीपेक्षा थोडी लांब. काका दर वेळी ती बुजवायचे. यंदा दुरुस्तीचं पथक येणारच होतं, तोवर चारचौघांत बरं दिसलं म्हणजे झालं. बंधाऱ्याखाली, ओढ्याच्या वळणावर त्यांच्या मुलीचं, म्हणजे ताईचं घर आहे. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्याचा आवाज दिवसभर असतो.

एक दिवस साहेब दाढीला आले. गालांना फेस लागल्यावर खुशीत म्हणाले, "काका, तुमच्या बंधाऱ्याची दुरुस्ती रद्द केली. इतका ठणठणीत आहे, गरजच काय? पथक दुसऱ्या ओढ्यावर पाठवलं."

वस्तरा गळ्यापाशी थांबला.

"साहेब, हलू नका."

"मी कुठे हललो?"

"मग मीच हललो असेन." काकांनी वस्तरा खाली ठेवला. "बंधाऱ्याला भेग आहे. तळाशी, डाव्या अंगाला."

"फोटोत तर नाही."

"फोटोआधी बुजवतो ना मी."

साहेब अर्ध्या दाढीने उठले. "पण का?"

"खाली माझी पोर राहते हो."

"मग तर मुळीच बुजवायची नव्हती!"

दुसऱ्या खुर्चीवरच्या विद्वानांना तेवढ्यात छत फार बघण्यासारखं वाटू लागलं.

साहेबांनी उरलेली दाढी करून घेतली नाही. पाणी वाढायच्या आत उघड्या भेगेचा फोटो पाठवा, म्हणाले. काकांच्या फोटोंवर वरिष्ठांचा इतका विश्वास बसला होता, की आता साहेबांच्या तोंडी शब्दाला कुणी विचारलं नसतं.

काका छिन्नी घेऊन वर गेले. ताई सोबत गेली. सिमेंट लवकर निघेना.

"बाबा, सरकारी काम असतं तर एव्हाना आपोआप पडलं असतं," ताई म्हणाली.

शेवटचा पोपडा निघाला. ताईने भेगेत हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला. काकांनी मोबाइल काढला तशी ती बाजूला होऊ लागली.

"राहू दे हात," काका म्हणाले. "किती खोल आहे ते दिसू दे त्यांना."

पथक आठवडाभरात परत आलं. आता तिथे नवं, जाड काँक्रीट आहे. काकांना खात्याने काढून टाकलं, तेही आभाराच्या पत्रासकट. त्यांच्या जागी अर्ज आला काकूचा.

"जमेल ना, काकू?" साहेबांनी विचारलं.

"बिघडलेलं नुसतं बघायचं आणि तक्रार करायची, एवढंच ना?" काकू म्हणाली. "इतकी वर्षं संसारात दुसरं काय केलं मी?"