साडूंचं प्रस्थान

काशीत गंगा उत्तरेकडे वळते ती भूगोलामुळे, असं शाळेत शिकवतात. आमच्या दुर्गाघाटावर मात्र सर्वांना ठाऊक आहे, की ती माझ्या साडूंच्या आवाजाला दचकून वळली. साडू घाटावर संकल्प सांगू लागले, की समोरचा यजमान आचमन करतोच, पण पलीकडच्या वाळूत बसलेली माणसंही हात पुढे करतात. एकदा माकडाने त्यांचा चष्मा पळवला. साडूंनी त्याला खालून असं काही झापलं, की त्याने तो परत दिला, वर काचा पुसून दिल्या. मी पाहिलंय. काचा पुसताना नाही, पण चष्मा परत आलेला पाहिलाय.

मेहुणी गेली तेव्हा लेक लहान होती. या माणसाने तिला एकट्याने वाढवलं, आणि तेही कसं! पोहायला शिकवायचं म्हणून तिला नावेतून सरळ गंगेत सोडली आणि पाठोपाठ स्वतः धोतरासकट उडी मारली. गटांगळ्या यांनीच खाल्ल्या. तिने यांना शेंडीला धरून नावेशी आणलं, असं नावाडी शपथेवर सांगतो. घरातला पंप, फ्यूज, गॅसचा रेग्युलेटर, सगळं तिच्याकडूनच दुरुस्त करवून घ्यायचे. "गुरुजी, मुलीच्या जातीला हे कशाला?" असं कुणी म्हटलं, की उत्तर तयार : "का भैया, पंपाला कळतं का कोण दुरुस्त करतंय ते? पोरगी कुणावर अवलंबून राहता कामा नये, बस!"

पोरीने हे मनावर घेतलं. तिला हैदराबादला नोकरी लागली. साडूंनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, गायींनासुद्धा. आणि मग पंचांग उघडलं. गाडी गुरुवारची, आणि गुरुवारी दक्षिणेला निघायचं नसतं!

आमच्यात यावर तोड आहे. आधीच्या एखाद्या चांगल्या मुहूर्ताला प्रवाशाचं वस्त्र सुपारीसह बांधून शेजारी नेऊन ठेवायचं आणि जाताना तिथून उचलायचं. याला प्रस्थान म्हणतात. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. साडूंनी लेकीच्या ओढणीचं गाठोडं आणून आमच्या फडताळात ठेवलं, आणि तासाभरात परत न्यायला हजर! "योग नीट नव्हता." संध्याकाळी पुन्हा आणलं, सकाळी पुन्हा नेलं. "येताना वाटेत सांड आडवा बसला होता." आता दुर्गाघाटाच्या गल्लीत सांड आडवा बसलेला नसेल, तर तोच अपशकुन! आमच्या घराचं पार क्लोकरूम झालं.

शेवटी लेक तरातरा आली. "बाबा, गाडी छूटेल ती रेल्वेच्या टाइमाने. मला पाठवायचं नसेल तर सरळ सांगा. मी येत नाही म्हणून कळवते त्यांना."

"तसं कोण म्हणालं? जायचंच आहे. फक्त जरा बरा मुहूर्त..."

"ठेवा ते गाठोडं. आता हात लावायचा नाही."

साडूंनी ते घरी नेऊन नव्याने बांधलं, आणून ठेवलं आणि खरंच हात लावला नाही. गुरुवारी लेकीने गाठ सोडली, तर आत तिची ओढणी नव्हतीच. साडूंचं उपरणं होतं.

माझी बायको हसत सुटली. "भावजी, हे तर तुमचंच प्रस्थान झालं!"

"ने-आण करताना बदललं असेल," साडू आढ्याकडे बघत म्हणाले. हजारो यात्रेकरूंचे मुहूर्त काढून ज्याची सुपारीही इकडची तिकडे झाली नाही, तो हा माणूस!

लेकीने उपरण्याची नीट घडी करून ती बॅगेत ठेवली आणि वाकून नमस्कार केला. आता लांबलचक वेदोक्त आशीर्वाद येणार म्हणून मी भिंतीला टेकलो. साडू एवढंच म्हणाले, "गॅसचं कनेक्शन स्वतःच्या नावावर घे."

गाडी हलली तेव्हा तिने दारातून हात केला आणि लगेच आपली सीट बघायला आत वळली. साडूंनी माझा दंड धरला. "बघितलंत? रेंगाळली नाही. अशीच पाहिजे!" दंड मात्र स्टेशनाबाहेर येईपर्यंत सोडला नाही.

गल्लीत आल्यावर मी त्यांच्या दाराशी थांबलो. ते थांबले नाहीत. सरळ आमच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि चपला काढत म्हणाले, "साडूभाऊ, शास्त्राने मी निघालोय. निघालेल्याने आज आपल्या घरात पाऊल ठेवायचं नसतं."

असा नियम खरंच आहे का, ते मी विचारलं नाही. बायकोने तिसरं ताट घेतलं.