दादाची दहाचाकी, एकास चोवीस मापाने

मी गाव सोडलं त्या दिवशी दादा गाडीतून खाली उतरला नाही. त्याला कारण होतं. बॅटरी उतरलेली होती. इंजिन बंद केलं असतं तर सोयाबीनच्या दीडशे पोत्यांसकट ट्रक ढकलायला माणसं शोधावी लागली असती. म्हणून वाशीमच्या बसस्टँडच्या अलीकडे, पेट्रोल पंपासमोर त्याने गाडी चालूच ठेवली. मी क्लीनरच्या बाजूने उतरलो. त्याने वरून आधी ट्रंक दिली, मग आईने बांधून दिलेली पिशवी, आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडून म्हणाला, "दोन वर्षं पाह्य तिथं. नाई जमलं तं वापस ये. गाडी दोघायची हाये."

मी मान हलवली. त्याने गिअर टाकला आणि तो मार्केट यार्डाकडे वळला. मागच्या फाळक्यावर रंगवलेली दोन कमळं तेवढी शेवटी दिसली. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, दादा सत्तावीसचा.

गाडी दोघांची होती हे खरं आहे. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवल्यावर बाबांनी ती जुनी दहाचाकी घेतली. आम्हा दोघांना त्यांनीच अनसिंगच्या रस्त्यावर चालवायला शिकवलं आणि दोघांचीही जड वाहनाची लायसन्स काढून घेतली. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "जोडीनं चालवा. एक जागला का एक झोपते." ते गेल्यावर दादा आणि मी आठ महिने जोडीने चालवली. मग आयटीआयच्या कागदावर मला पिंपरीत कारखान्यात अप्रेंटिस म्हणून बोलावणं आलं.

दोन वर्षांनी मी परत गेलो नाही, कारण मला जमलं. नाही जमलं तर काय करायचं हे दादाने सांगितलं होतं. जमलं तर काय, हे आम्ही दोघांनी बोलून ठेवलं नव्हतं. गाव सोडलेले तुम्ही बरेच जण हे वाचाल, आणि न सोडलेलेही वाचाल. तुमच्याकडे याचं उत्तर असेल तर ते मला माहीत नाही.

आता पंचवीस वर्षं झाली. मी क्वालिटी विभागात आहे. दिवसभर गिअरचे तुकडे मोजतो, वीस मायक्रॉन इकडे किंवा तिकडे चालतात, एकविसावा चालत नाही. बोलण्यात शिफ्ट, रिजेक्शन, सोसायटीची मीटिंग, पाण्याचा टँकर हे शब्द आले. आईच्या "काहून" ऐवजी माझ्या तोंडात "का" बसला. दादा फोनवर हसायचा. "साहेब, जरा आमच्यासारकं बोला, मले समजून नाई राह्यलं." या वर्षांत त्याने मला तीन वेळा सरळ विचारलं, "येतं का? एकट्यानं लय होते." तिन्ही वेळा मी "पाहतो" म्हणालो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तू मोजूनच पाह्यत राह्य." त्यानंतर त्याने विचारलं नाही.

दादाला जाऊन दोन वर्षं झाली. माल उतरवून जालन्याकडून परत येताना पहाटे गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. क्लीनर लग्नासाठी सुट्टीवर होता, त्यामुळे केबिनमध्ये दादा एकटाच होता. ब्रेक मारल्याच्या खुणा रस्त्यावर नव्हत्या, असं पंचनाम्यात लिहिलं आहे. पंचनाम्याच्या चार प्रती मीच काढल्या. पोस्टमॉर्टेमचा अहवाल, आरसीची प्रत, लायसन्स, असे तेरा कागद मी एका फाइलमध्ये क्रमाने लावले. सगळे म्हणाले, लहान्याने फार धीराने केलं. तो धीर नव्हता. मला काही होतच नव्हतं. हात काम करत होते.

तेराव्याला पंगत उठल्यावर आई चुलीशी बसली होती. मी पाणी घ्यायला गेलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन डायवर असते तं एक झोपला असता."

एवढंच. पुढे दोन वर्षं ती दादाबद्दल माझ्याशी एक शब्द बोलली नाही. वहिनी मंगरूळपीरला माहेरी राहून शिवणकाम करते, तिच्याशी आई दादाबद्दल बोलते. माझ्याशी फोनवर औषध, तूर, लाइट गेली, लाइट आली, इतकंच. पुण्याला चल म्हटलं की, "तिथं मले कोन ओयखते?" तेराव्याला चुलीशी म्हटलेल्या त्या वाक्यातला दोष ती मला अजून देते का, हे मला कळायला हवं होतं. विचारायची माझी तयारी नव्हती.

रविवारी मी बाल्कनीत खुर्चीवर नुसता बसायचो. एकदा माझी बायको सुनीता एक मोठा खोका माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "हाताला काही तरी काम द्या. भिंतीकडे बघून भिंत वाढत नाही." ट्रक आहे एवढंच बघून तिने ऑनलाइन मागवलेला तो प्लास्टिकचा मॉडेल किट होता, एकास चोवीस मापाचा, सुटे भाग दोनशे बारा. चित्रावर लांब नाकाचा अमेरिकन ट्रक होता, मागे ट्रेलर ओढणारा. आमच्या गाडीशी त्याचं एकच साम्य, चाकं दहा.

दोन रविवार मी फक्त भाग मोजले. तिसऱ्या रविवारी दादाच्या फाइलमधून आरसीची प्रत काढली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, चार हजार आठशे ऐंशी मिलिमीटर. भागिले चोवीस, दोनशे तीन. किटच्या चासीवर तेच अंतर दोनशे बावन्न भरलं. एकोणपन्नास मिलिमीटर कापायचे. मी पेन्सिलने रेघ मारली. म्हणजे मी दादाची गाडी करणार, हे तेव्हा ठरलं. त्याआधी ठरलं होतं असं मला आठवत नाही.

पावसाळ्याचे चार महिने ते काम चाललं. लांब नाक कापून आखूड केलं. स्टिअरिंग डावीकडचं उजवीकडे आणलं, त्यासाठी डॅशबोर्ड दोन तुकडे करून उलटा जोडला. टायर जवळपास मापातच होते. माल भरायचा लाकडी हौदा आइस्क्रीमच्या काड्यांचा केला. सगळ्यात मोठा काप केबिनच्या मागे होता. अमेरिकन ट्रकला तिथे ड्रायव्हरची झोपायची खोली असते. सदुसष्ट मिलिमीटर लांब, आत एकावर एक दोन बिछाने, वरच्या बिछान्याला नखाएवढी उशीसुद्धा होती. आमच्या गाडीत सीटमागे फक्त एक फळी होती. मी ब्लेडच्या करवतीने ती खोली सरळ कापली, मागची भिंत बंद केली, कड घासून सपाट केली. कापलेला तुकडा खोक्यात टाकला. त्या वेळी मी फक्त काप नव्वद अंशात आहे का ते पाहत होतो.

अडचण हौद्याच्या उंचीची आली. ती आरसीत नसते. मी पाच फूट धरली, त्रेसष्ट पूर्णांक पाच मिलिमीटर. पण खात्री नव्हती. खात्री नसताना पुढे जायची मला सवय नाही. शेवटी आईला फोन केला. सरळ विचारलं, "गाडीचा फाळका किती उंच होता?"

ती म्हणाली, "कायले पाह्यजे?"

"मी लहान गाडी करतोय. खेळण्याएवढी. दादाची."

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "नऊ वीत."

"एवढा नसतो. पाच फूट असतो."

"तुह्याच्यानं पाच फूट असंन. कुटार भरे तं तो वर फया लावे. मंग काढेच नाई, आयशी मानूस. दर दसऱ्याले पूजा कोन करे, तू का मी?"

सोयाबीनचं कुटार, मळणीनंतरचा भुसा, हलकं असतं, गाडी भरली तरी वजन भरत नाही, म्हणून हौद्यावर फळ्या चढवतात. हंगाम संपला की उतरवायच्या असतात. हे मला माहीत होतं, मी विसरलो होतो. सुनीताची वीत मोजली, एकशे नव्वद मिलिमीटर. आईचा हात साधारण तिच्याएवढाच. नऊ विती, भागिले चोवीस, एकाहत्तर. साडेसात मिलिमीटर वाढवले.

त्यानंतर दर रविवारी तिला एक माप विचारायचो आणि ती द्यायची. बंपर तिच्या कमरेला लागायचा. काचेला कुंकू लावायला तिला पाटावर उभं राहावं लागे. दिव्यांच्या वर "आईचा आशीर्वाद" लिहिलं होतं, त्यातला "शी" पेंटरने ऱ्हस्व काढला होता, दादाने तसाच ठेवला. "म्या म्हनलं, दुरुस्त करून घे. तं म्हने, आशीर्वाद थोडासा कमी पडला तं चालते." हे सांगताना ती हसली का रडली ते फोनवरून कळलं नाही. पण तिने "तं म्हने" म्हटलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा दादा काय म्हणायचा ते तिने मला सांगितलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाडी घेऊन गावी गेलो. बुटाच्या खोक्यात कापूस भरून, मांडीवर, बसने तेरा तास. वाशीमपर्यंत एक आरसा निघाला, तो घरी चिकटवला.

सकाळी आईने अंगणात पाट मांडला, जिथे गाडी उभी राहायची तिथेच. पाटावर विळे, कुऱ्हाड, डवऱ्याचा फाळ, आणि मध्ये ती गाडी. हळद-कुंकू लावायला यंदा तिला वाकावं लागलं. चारी बाजूंनी तिने ती पाहिली. फाळक्याला बोट लावून उंची पाहिली आणि मान हलवली. मग चष्मा वर करून काचेतून केबिनमध्ये बघत राहिली.

"मानूस नाई बसवला."

"नाही."

"बरं केलं." थोड्या वेळाने म्हणाली, "झोपाची जागा कुठं हाये?"

मी तिला खरं ते सांगितलं. किटमधल्या गाडीत मोठी खोली होती, दोघांची. दादाच्या गाडीत नव्हती म्हणून कापली.

"तुले कापाले कोन सांगतलं?"

"आपल्या गाडीत नव्हती आई."

"आपल्या गाडीत नोयती हे मले मालूम हाये," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पन ही तं तूच बनवून राह्यला होता ना. तुह्या हातात होतं. ठेवली असती तं तुले कोन इचारत होतं?"

माप बरोबर होतं. चार महिन्यांत माझ्याकडून जी एक चूक झाली ती कोणत्याच मापात बसत नव्हती. मी म्हणालो, "तो तुकडा आहे पुण्याला. पुढच्या वेळी लावून आणतो."

ती आत गेली. पेटीतून जुनी वाकळ काढून तिच्या कोपऱ्याचा दोन बोटं तुकडा कात्रीने कापून आणला. दार उघडता येतं का विचारलं. मी नखाने दार उघडून दिलं. तिने तो तुकडा काडीने ढकलत सीटच्या मागे, भिंतीला लावून पसरला. तीन प्रयत्न लागले. मग दार तिनेच लावलं.

"राहू दे. नोको आणू," ती म्हणाली. "झाली जागा." आणि नारळ फोडायला माझ्या हातात दिला.

जेवण झाल्यावर मी ओसरीत सतरंजीवर आडवा झालो. दादा फेरीवरून आला की तिथेच पडायचा. मी ठरवून पडलो नव्हतो, पंखा तिथे आहे. पडल्या पडल्या सवयीने हिशोब केला. पंचवीस वर्षांत या घरात मी दोनशे साठच्या आसपास रात्री झोपलो असेन. बाकीच्या सगळ्या पिंपरीत. आकड्यांनी पाहिलं तर घर कोणतं याला वादच नाही. सोसायटीच्या फॉर्मवर "कायमचा पत्ता" असतो, तिथे मी अजून अनसिंगचं पोस्ट लिहितो, तेही सवयीनेच.

तेवढ्यात शेजारची शांताबाई सोनं द्यायला आली. दारातूनच मोठ्याने म्हणाली, "काय वं, पुन्याचा साहेब आला म्हनते?"

आई उंबऱ्यातून म्हणाली, "हयू बोल वं शांते. पोरगा झोपला हाये."

"दिवसाचा?"

"झोपू दे. लय दिवसाचा जागा हाये तो."

मी जागाच होतो. तेरा कागद लावतानाही जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. डोळे कोरडेच होते. फक्त मी ते उघडले नाहीत. त्या दोघी कुजबुजत होत्या, पाण्याचा तांब्या आईने आवाज न करता ठेवला, आपट्याची पानं कोनाड्यात ठेवल्याची सळसळ आली. पिंपरीतही सुनीता मी झोपलो की टीव्ही बारीक करते. म्हणजे तेही घर आहे, हे मला मान्य आहे. एक घर धरून दुसरं सोडायचं असतं, अशा हिशोबाने मी इतकी वर्षं चाललो होतो.

आईने माझ्या पायावर काही तरी पांघरलं. नंतर मला खरंच झोप लागली. किती वेळ, ते सांगता येत नाही. उठलो तेव्हा ऊन अंगणातून गेलं होतं आणि तिने मला उठवलं नव्हतं.