तिच्या मेसेजमधले सगळे 'हो'

कॉलेज अर्धवट सोडल्यापासून मी कळंबला दत्ताच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून कोडिंग शिकतो. कॉलेजातल्या जिच्यावर माझा जीव आहे, तिचं लग्न ठरल्याचं आज सकाळी कळलं. दत्ता म्हणाला, "तिनं तुला कधी हो म्हणलंच न्हाय, येड्या."

माझं डोकंच सणकलं. तिचे सगळे मेसेज एका फाइलीत घेतले आणि रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे हवी ती अक्षरं हुडकणारा साचा, लावून त्यातले 'हो' शोधले. पहिला सापडला की थांबायचं नाही, शेवटपर्यंत सगळे काढायचे, असा कोड लिहिला. स्क्रीन 'हो'नं भरून गेली.

"बघ की आता!" मी ओरडलो.

"पूर्ण वाक्यं काढ," दत्ता म्हणाला.

'उशीर होतोय.' 'बस गेली होती.' 'असं होणार नाही.' सगळे 'हो' दुसऱ्याच शब्दांच्या पोटात.

मग सुटा 'हो' तेवढाच शोधायला लावला. एकच उरला. मी लिहिलं होतं, तुझ्याशिवाय करमत नाही. तिचं उत्तर होतं, 'हो का?'

एरवी लई चिडवणारा दत्ता चहा सांगायला उठून गेला.

आता तुम्हीच सांगा, 'हो का?' मधला 'हो' धरायचा का?