खालच्या गिअरातलं पाणी

नोकरीत दंगल पाहिली, गोळीबार पाहिला. पण पाय लटपटणं म्हणजे काय असं कुणी विचारलं, की मला जायकवाडीच्या पाण्यावरची ती दुपारच आठवते. बोटीत आम्ही तिघं होतो. मी, माझा हवालदार आणि चौकशीसाठी ताब्यात घेतलेला एक मिस्त्री. बेडी मिस्त्रीच्या हातात होती, पण सगळ्यांत जास्त घाबरलो होतो मी. उस्मानपुऱ्यात सकाळी माझ्याबरोबर फिरणारी निवृत्त मंडळी ही हकिकत ऐकून हसतात. हसावं असंच मी वागलो होतो. मीही हसतो, पण पाण्याचा भाग येईपर्यंतच.

माझं ठाणं धरणाच्या फुगवट्याला लागून होतं. भादव्याचे दिवस, पाणी तुडुंब. मासेमारीच्या बोटींवर आता वल्ह्यांच्या जोडीला आउटबोर्ड मोटरी आल्या होत्या. बोटीच्या मागच्या फळीवर अडकवायची ती मोटर: वर इंजिन, मधे दांडा, पाण्याखाली गिअर आणि पंखा. एका सकाळी असा एक मासेमार बोट घेऊन गेला तो परतलाच नाही. संध्याकाळी त्याची रिकामी बोट धरणाच्या भिंतीकडच्या काठाला लागलेली सापडली.

त्याची बायको ठाण्यात आली. रडली नाही. माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकवून म्हणाली, "सायेब, त्येंला पोहता येतंय. त्ये बुडायचे नायत. कुठंतरी अडकलेत. हुडका."

मी बेपत्ता व्यक्तीची नोंद घेतली. बोटीचा पंचनामा केला, त्यात 'मोटर सुस्थितीत' असं लिहिलं आणि मोटर मुद्देमालात जमा केली. ती उघडून बघावी असं काही वाटलं नाही. वरून रंग छान होता. मग एक कडक हुकूम काढला: तपास होईपर्यंत पाण्यावर एकही खाजगी बोट जाणार नाही. पुरावा बिघडायला नको! पाणबुडे उतरवले तेही बोट सापडली तिथंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या फोनवर खबर आली. नाव न सांगता एक जण घाईघाईनं म्हणाला, "शहरात छावणीतल्या मोटर-मिस्त्रीला धरा. त्याचं अन् याचं दुकानात लई वाजलं होतं. गिअरात त्यानंच घाण केली." एवढं बोलून फोन ठेवला. फोन कुणाचा हे शोधायला हवं होतं. मी जीप काढली.

मिस्त्री पन्नाशीचा, काटकुळा. शेतीपंप दुरुस्त करता करता बोटीच्या मोटरींत मुरलेला. माझ्यासमोर स्टुलावर बसला, पण दारात कुणी आलं की घाईनं उठून उभा राहायचा.

"भांडण कशावरून झालं?"

"साहब, तो स्टीलचा पंखा घेऊन आला. जास्त पिचचा, म्हणजे पाती जास्त तिरकी. बोलला, बसवून दे, बोट हवा में जाईल, मासळी सगळ्यांच्या आधी बाजारात पोचेल. मी बोललो, तुझ्या इंजिनात उतना दम नाय. जाळी भरली की इंजिन रडेल, खालचा गिअर घासून जाईल. मी नाय बसवला. तो चिडला, मी पण चिडलो. बस."

"गिअर कुणी उघडला?"

"महिन्यापूर्वी सर्व्हिसिंग मी केली, ट्रायल घेतली. उसके बाद माझा हात नाय लागला."

"मग घाबरतोस कशाला?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "ठाण्यात बसवलंय साहब. घाबरू नको तर काय करू?"

घाबरलेला माणूस काहीतरी लपवतोच, हे माझं तेव्हाचं शास्त्र. दिवसभर मी तेच तेच प्रश्न फिरवून विचारले आणि तेच तेच उत्तर ऐकलं.

आता माझ्या शहाणपणाबद्दल. ठाण्याला गस्तीसाठी एक बोट मिळाली होती. तिच्या मोटरीलाही मी हौसेनं स्टीलचा मोठा पंखा बसवून घेतला होता. शिवाय पंधरा दिवसांपूर्वी खालच्या गिअरचं तेल मी स्वतः बदललं होतं. मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला होता, तोही अर्धाच. तेल वरच्या भोकातून ओतलं, जुनेच वॉशर परत लावले, स्क्रू पिळला. हवालदार म्हणाला होता, "सर, मिस्त्रीला बोलवू की." मी म्हणालो, "एवढ्याशा कामाला मिस्त्री कशाला?"

तिसऱ्या दिवशी दुपारी, ट्रायल कुठपर्यंत घेतली ते दाखवण्यासाठी मिस्त्रीला बोटीत घेतलं. त्याचा उजवा हात बेडीनं बोटीच्या कडेच्या नळीला अडकवला. याची ना गरज होती, ना नियमात बसत होतं. पण पाणी बघून मला धीर हवा होता, आणि बेडीनं तो मला येत असे. बोट धक्क्यालाच असताना तो वाकून पाण्याकडं बघत म्हणाला, "साहब, पंख्यापाशी तेलाचा रंग उठतोय. गिअर गळतोय. ये बोट मत निकालो."

"तुझी दुकानदारी नंतर," मी म्हणालो.

अर्ध्या तासात आम्ही मधोमध पोचलो. पश्चिमेचा वारा उठला होता. पाण्याखालून कुणी दात खावेत तसा आवाज आला, मग खाडकन बसलेला हिसका, आणि इंजिन बंद. हवालदारानं चार वेळा दोरी ओढली. काही नाही. बोट हळूहळू लाटांना आडवी झाली आणि पहिली लाट आत आली.

काठ दिसत होता, पण पुसट. मोबाइलला रेंज नव्हती. वायरलेस जीपमध्ये. लाइफ जॅकेट मी आणि हवालदारानं घातलं होतं. मिस्त्रीला घालायला गेलो तर बेडी नळीला अडकलेली, जॅकेट त्या हातातून वर चढेना.

"किल्ली काढा सर," हवालदार म्हणाला.

मी खिसे चाचपले. शर्टाचे, पँटचे, परत शर्टाचे. मग मला माझं टेबल डोळ्यांसमोर दिसलं. काचेखाली कॅलेंडर, काचेवर किल्ली.

दुसरी लाट आली. पाणी घोट्याच्या वर चढलं. बोट उलटली तर आम्ही दोघं जॅकेटवर तरंगणार आणि हा माणूस बोटीबरोबर खाली जाणार, हे तिघांनाही कळलं होतं. मिस्त्री नळीला अडकलेल्या हाताकडं बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मला पोहता येत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. का बोललो कोण जाणे.

तोच आधी सावरला. "हवालदारसाब, बादली दोरीला बांधा, पुढून पाण्यात सोडा. बोटीचं तोंड वाऱ्याकडं राहील. साहब, तुमी टूलबॉक्स उघडा. तेरा नंबरचा पाना."

"तेरा कुठला?"

"त्यावर लिहिलंय साहब."

नळीच्या टोकाला दोन नट होते. हवालदार जेवणाच्या डब्यानं पाणी उपसत होता आणि मी, ठाण्याचा प्रमुख, गुडघ्यांवर बसून संशयिताच्या हुकमानं नट फिरवत होतो. "उलटा फिरवताय साहब. डावीकडं." एक नट निघाला. दुसरा गंजलेला. माझी बोटं सोलली. शेवटी नळी सुटली, बेडी सरकत बाहेर आली, आणि मी त्याच्या अंगात जॅकेट घातलं. गाठी त्यानंच बांधल्या. माझ्या हातांना जमेना.

बोट वाऱ्याबरोबर वाहत होती. मिस्त्री बराच वेळ वाऱ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "साहब, गिअर खाल्ला तर त्याची बोट पण अशीच बंद पडली असेल. वारा हाच होता. आपण जातोय, उधरच तो गेला असेल."

"बोट भिंतीकडं सापडली."

"रिकामी सापडली. हलकी बोट पुढं जाते. आदमी मध्येच उतरला असेल तर?"

तासाभरानं समोर एक टेकाड दिसलं. चहूकडं पाणी, वर पाच-सहा बाभळी. एका फांदीवर फाटका निळा सदरा अडकला होता. बुंध्याशी काहीतरी पडलं होतं. ते हलत नव्हतं. जवळ जाण्याची माझी हिंमत होईना. मिस्त्री कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि बोट ओढत गेला. बेडी त्याच्या मनगटावर लोंबत होती.

"जिंदा है!" तो ओरडला.

मासेमार तापानं फणफणला होता, पाय घोट्यापाशी फाटून सुजला होता. मोटर बंद पडल्यावर बोट बाभळीला बांधायला उतरला, दोरी निसटली, बोट गेली. मागं पोहायला गेला तर पाण्याखालच्या फांदीनं पाय कापला. हवालदारानं तोंडात पाणी घातलं. तो माझ्या गणवेशाकडं बघत म्हणाला, "रोज ह्या अंगानं पंधरा-वीस बोटी जात्यात सायेब. दोन दिस एकबी आली नाय."

बोटबंदीचा हुकूम माझ्याच सहीचा होता. हवालदार टेकाडाच्या माथ्यावर जाऊन फोन लावत होता. तिथं एक काडी रेंज होती.

नंतर पंचांसमोर दोन्ही मोटरी उघडल्या. माझ्या गिअरातून तेलाऐवजी दुधाळ चहासारखं पाणी निघालं. मासेमाराच्या गिअराला तर खालचा स्क्रूच नव्हता. मिस्त्रीनं समजावलं: तेल खालच्या भोकातून चढवायचं, वरून बाहेर आलं की भरलं, आणि वॉशर दर वेळी नवा. वरच्या स्क्रूखालचा चपटा झालेला वॉशर त्यानं बोटावर धरून पंचांना दाखवला आणि माझ्याकडं बघणं मुद्दाम टाळलं.

फोनचा नंबर आता कुठं काढला आणि तो ज्याचा निघाला त्या मासेमाराच्या मेव्हण्याला बोलावलं. त्याला एकच प्रश्न विचारावा लागला. "पंखा मीच बसवला सायेब. म्हटलं, लगे हात तेलबी बदलू. दाजी आले नायत तवा वाटलं, आता माझ्यावर खून लागतोय. म्हून फोन केला." तो हुंदके देत होता. भीतीनं खोटं बोललेला माणूस मला समोर दिसत होता, आणि भीतीनं दुसऱ्याला बेडी घालणारा मी टेबलाच्या अलीकडं बसलो होतो.

मिस्त्रीची माफी मागायला मी छावणीत गेलो. त्यानं चहा मागवला. "साहब, एक बोलू? तुमी मला दिवसभर विचारलं, कोणी केलं. एकदा पण नाय विचारलं, तो कुठं असेल." माझ्या उरलेल्या नोकरीला ते एक वाक्य पुरलं. बेपत्ताची नोंद आली, की मी आधी कुठं शोधायचं राहिलं याची यादी करायचो, आणि खात्यातले तरुण अधिकारी मला म्हातारा आणि संथ म्हणायचे.

आठवड्यानं मासेमार काठी टेकत जबाब द्यायला आला, बरोबर त्याची बायको. सातवीपर्यंत शिकलेला. सही करण्याआधी त्यानं सगळी फाइल उलटून पाहिली आणि एका पानावर थांबला. मी दुसऱ्या दिवशी लिहिलेलं टिपण होतं: 'मयताच्या पत्नीकडे विचारपूस केली.'

"सायेब, ह्या दिशी तर मी बाभळीखाली बसून तुमची वाट बघत हुतो."

मी पेन उचललं, तो शब्द खोडला आणि वर 'बेपत्ता इसमाच्या' असं लिहिलं. पान त्याच्याकडं सरकवलं. त्यानं ते तसंच माझ्याकडं परत ढकललं.

"खाडाखोडीवर सही लागती ना?"

मी सही केली. बायकोनं ती नीट वाचून घेतली, मगच दोघं उठले.