समोरच्या जिनिंगचे हिरासिंगभाऊ

हिरासिंगभाऊ आडे यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लेख मागायला समितीची मंडळी आली, तेव्हा मी साफ सांगितले की बाबांनो, मी त्यांचा शिष्य नाही, मित्र तर नाहीच. पुसदला त्यांच्या जिनिंगसमोर, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यासमोर, माझी जिनिंग आहे आणि तीस वर्षे मी त्यांच्यावर जळतो आहे. मंडळी म्हणाली, तेच लिहा. तर लिहितो.

पहिली ओळख बाजार समितीच्या आवारात झाली. वडिलांच्या पश्चात मी नुकताच धंद्यात उतरलो होतो. एका गाडीतल्या लांब धाग्याच्या कापसावर माझी बोली चालू होती. भाऊंनी मूठभर कापूस ओढून पाहिला, शांतपणे वरची बोली लावली आणि गाडी नेली. वर मलाच चहा पाजला. तो चहा मला अजून पचलेला नाही.

भाऊंची कामाची तऱ्हाच वेगळी. कापूस यंत्रात जाण्याआधी त्यांच्याकडे बाया दोन्ही बाजूंनी बसून तो हाताने निवडत. केस, पिसे, प्लास्टिकच्या पोत्याचा धागा, सगळे वेचून काढायचे. बायांच्या डोक्याला सुती फडके सक्तीचे. कास्तकारांनाही ते प्लास्टिकच्या पोत्यांऐवजी सुती चादरी देत. 'कापूस आहे की नवरदेव, एवढी हळद कशाला लावता?' असे मी चारचौघांत बोललोही आहे.

मग मंदीची वर्षे आली. परदेशचा स्वस्त कापूस आपल्याच गिरण्यांत उतरू लागला आणि उमरखेडपर्यंत जिनिंगांना कुलपे लागली. माझ्याकडच्या चाळीस बायांना उद्या काम आहे की नाही, हे मला रोज सांगता येईना. अशात बांगलादेशच्या एका सूतगिरणीचा माणूस आला. भाऊंचा नमुना त्याला पसंत होता. मी भाव पाडला आणि ऑर्डर पळवली. त्या दिवशी पेढे वाटले, हे कबूल करतो.

पण पाडलेल्या भावात निवड परवडेना. बायांना मी हात फिरवायला वेळच दिला नाही. मिळेल तो कापूस, मिळेल त्या पोत्यातून घेतला. गाठी रवाना झाल्या. तिकडे कापड रंगवल्यावर त्यात पांढरे ठिपके उमटले, कारण प्लास्टिकच्या धाग्याला रंग चढत नाही. गिरणीने कळवले, यापुढे पुसदचा कापूस नको. माझे नावसुद्धा त्यांनी घेतले नाही. पुसदचा म्हटले, म्हणजे त्यात भाऊही आले.

दुसऱ्या सकाळी भाऊ माझ्या फाटकातून आत आले. शिव्या खायची मी तयारी ठेवली होती. ते थेट बायांच्या रांगेत बसले आणि कापूस निवडू लागले. तासाभराने म्हणाले, "शेषराव, तुह्या गाठीवर तुहं नाव असते, पण समुद्रापलीकडच्याले ते दिसत नाही. त्याले पुसदच दिसते. आपण इथं रोज भांडू, पण खराब माल धाडू नको."

मला रडू आले आणि रागही आला. ओरडले असते तर बरे झाले असते.

पुढे त्यांनी फडक्यांसाठी सुती तागे धाडले, त्यांच्याकडच्या दोघीजणी माझ्या बायांना शिकवायला आल्या. दोन हंगाम खपून भाऊंनी त्या गिरणीच्या माणसाला पुन्हा आणले आणि दोन्ही जिनिंगच्या गाठी बिननावाने त्याच्यासमोर फोडल्या. दोन्ही पास झाल्या, ऑर्डर दोघांत वाटली गेली. तरी 'ही जास्त चांगली' म्हणून त्याने हात ठेवला तो भाऊंच्याच गाठीवर. घरी आमच्या सौ. म्हणाल्या, "काम चालू झालं ना, मंग तोंड काहून पाडून राह्यले?"

मोठ्या मनाच्या माणसाशी स्पर्धा करण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. दर हंगामात माझ्या सर्वांत चांगल्या गाठीची रुई मी त्यांच्याकडे पाठवतो. ते ती ओढून पाहतात, कुठूनतरी एक केस शोधतात आणि तो कागदात बांधून परत धाडतात.

भाऊ, तुम्हाला उदंड निरोगी आयुष्य लाभो, आणि डोळे तर शंभरीपर्यंत असेच शाबूत राहोत. मला तुम्हाला एकदा हरवायचे आहे. तुम्ही समोर नसताना मिळालेला पहिला नंबर मला नको.