अकराव्या बैठकीचं सेटिंग

आमच्या श्रवणयंत्रांच्या दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर ज्यांच्या भरवशावर चालतात, त्यांना आम्ही टापटीपराव म्हणतो. पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावणारा माणूस. मी तिथं कान तपासते आणि यंत्रं जुळवून देते. माझ्या टेबलावरचा पसारा त्यांच्या डोळ्यांत सलतो हे मला पक्कं ठाऊक आहे. माणूस नाकासमोर चालणारा, पण अति तेथे माती म्हणतात ते काही उगीच नाही.

यंत्रं जुळवायचा आमचा प्रोग्राम इतका म्हातारा, की नव्या कॉम्प्युटरवर तो चालतच नाही. म्हणून टापटीपरावांनी नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा, जुना कॉम्प्युटर बसवला होता. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याची अख्खी डिस्क म्हणजे एक भली मोठी फाइल. दर काही महिन्यांनी ते तिचा स्नॅपशॉट घेत, म्हणजे आधीचं सगळं तिथंच गोठवायचं आणि पुढचे बदल एका नव्या छोट्या फाइलीत लिहायचे. छोटीला फक्त आपल्या आधीची कोण, एवढंच माहीत. तीन वर्षांत अशा पाच छोट्या एकीमागे एक उभ्या होत्या.

सोमवारी डिस्क भरली म्हणून त्यांनी सगळ्या फाइली नव्या डिस्कवर हलवल्या. नुसत्या हलवल्या असत्या तर निभावलं असतं. यांनी मोठीला ‘मुख्य’ नावाच्या फोल्डरात ठेवलं, छोट्यांना ‘जुने’ फोल्डरात, आणि प्रत्येकीला तारखेप्रमाणे सुबक नवं नाव दिलं. मशीन सुरू करायला गेले तर पडद्यावर आलं, मूळ डिस्क सापडत नाही.

दुसऱ्या कुणाचं काम अडलं असतं तर चार दिवस थांबा म्हणता आलं असतं. अडली होती त्यांचीच आई. आजींचं यंत्र दुरुस्तीहून कोरं होऊन आलं होतं आणि त्यांचं सेटिंग त्या बंद पडलेल्या मशीनमध्ये होतं. अकरा बैठका घेऊन, आवाज एकेक पायरी वरखाली करत मी ते बसवलं होतं. आता घरात सून विचारायची चहा हवा का, आणि आजी सांगायच्या, हो, दार लावलंय. मी म्हटलं, आपण पुन्हा पहिल्यापासून जुळवू. टापटीपराव ऐकेनात. म्हातारपणी आईला अकरा वेळा पुन्हा तो त्रास द्यायचा नाही, म्हणाले.

बुधवारी डोकं चालेनासं झालं, तेव्हा त्यांनी ती मोठी फाइल एकटीच सुरू करून पाहिली. मशीन उघडलं. आमच्या जीवात जीव आला. मग यादीत आजींना शोधलं तर नावच नाही. यादी तीन वर्षांपूर्वीच थांबली होती. पाच मिनिटांत त्यांनी ते बंद केलं, पण व्हायचं ते होऊन गेलं. आता छोट्या फाइली म्हणायला लागल्या, मूळ डिस्क मध्यंतरी बदलली आहे. आगीतून फुफाट्यात.

“ताई, मी काहीच बदललं नाही हो. नुसतं उघडून बघितलं.”

नुसतं उघडल्यानंसुद्धा तिच्यात चार गोष्टी लिहिल्या जातात, हे त्यांना माहीत असूनही पटत नव्हतं. मला तर त्यातलं काहीच कळत नव्हतं. मी आपला शहाणपणा केला, तारखेनं लावून बघा म्हटलं. तसं लावलं तर तारखांचा क्रम आणि फाइलींचा खरा क्रम जुळेना. कधीतरी ते एका जुन्या स्नॅपशॉटवर मागे जाऊन तिथून पुन्हा पुढे आले होते, त्याचा हा प्रसाद. मशीन काही ताकास तूर लागू देईना.

गुरुवारी त्यांनी आधी सगळ्याची एक प्रत काढून बाजूला ठेवली. मग प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीचा मजकूर उघडून बघितला. त्यात आधीच्या फाइलीचं नाव आणि तिचा ओळख क्रमांक होता. ते चिठ्ठ्यांवर उतरवून त्यांनी माझ्याच टेबलावर पसारा मांडला आणि दुपारपर्यंत चिठ्ठ्या सरकवत बसले. शेवटी सुबक नावं पुसून जुनी वेडीवाकडी नावं परत दिली, सगळ्यांना एका फोल्डरात कोंबलं, आणि मोठीचा, बुधवारी उघडल्यानं बदललेला क्रमांक खोडून पहिल्या छोटीच्या आठवणीतला क्रमांक घातला. चालेल का, मी विचारलं. माहीत नाही, म्हणाले.

चाललं. आजींचं नाव होतं, अकराच्या अकरा बैठका होत्या. टापटीपरावांचे डोळे भरून आले आणि मलाही मनापासून आनंद झाला.

संध्याकाळी ते आजींना घेऊन आले. मी सेटिंग भरून यंत्र कानात बसवलं.

“पूर्वीसारखं येतंय ना, आई?” त्यांनी विचारलं.

“हो, अगदी पूर्वीसारखं,” आजी म्हणाल्या. “भांडं वाजलं की टोचतं आणि तुझं बोलणं तोंडात बोळा घातल्यासारखं येतं. तेव्हाही असंच यायचं.”

मी पडद्यावर पाहिलं. अकराव्या बैठकीपुढे मीच लिहिलं होतं, समाधानकारक.

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“तू हातातलं काम टाकून यायचास आणि दारात उभा राहून घड्याळ बघायचास. अकरा वेळा झालं. म्हटलं, जमलं म्हणून सांगावं आणि लेकराला मोकळं करावं.”

टापटीपराव कोपऱ्यातली खुर्ची ओढून आईसमोर बसले आणि मला हळू आवाजात म्हणाले, बारावी बैठक आत्ता घेता येईल का? आजींना ते ऐकू गेलं नाही. त्या पिशवी उचलून निघायला उठल्या होत्या.