फणसवाडी ते नेपल्स, काशीमार्गे

सासूबाईंशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, तेही तोंडाने नव्हे, मान हलवून. आणि त्या एका मान हलवण्यापायी फणसवाडीतली अकरा माणसं काशीला जाऊन आली.

गोष्ट प्लेग यायच्या आधीची. माझं लग्न नुकतंच झालं होतं. वय वर्षं वीस! (त्या काळी विसाव्या वर्षी बायका लेकीला स्थळं बघायला लागत.) वडील सुधारक आणि पत्रिकेत मंगळ, अशा दुहेरी योगामुळे मी माहेरी लोणच्यासारखी मुरत पडले होते. शेवटी मंगळाला मंगळ मिळाला. तो कोटात (म्हणजे आताच्या फोर्टात) एका आगबोटींच्या कचेरीत कारकून होता, चष्मा लावत होता आणि माझ्याहून जास्त लाजत होता. त्याचं नाव विचारू नका. उखाण्यात एकदा घेतलं, तेवढं पुरे. आमच्या वेळी नवऱ्याला 'इकडून' म्हणायचं. 'इकडून जेवणं झालं का?' 'इकडे पाणी हवं का?' आपण माणसाशी लग्न केलंय की दिशेशी, हेच मला पहिले काही महिने कळेना!

घर म्हणजे मुंबईत फणसवाडीच्या चाळीतल्या दोन खोल्या. त्यांत सासूबाई, मामंजी, मामंजींची विधवा बहीण आत्याबाई, आणि आम्ही दोघं. दिवसा वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा, आणि रात्री मध्ये आत्याबाईंची पथारी. आत्याबाईंना झोप नव्हती आणि कान चांगले होते. माझ्या पोटात बोलायच्या गोष्टींची नुसती कोठारं भरली होती. मला दागिना नको होता, शालू नको होता. कोणी ऐकत नसताना या माणसाशी पोटभर बोलायचं, एवढंच हवं होतं.

मग इकडूनच एक युक्ती झाली. मामंजींना सांगणं झालं, "बाबा, आमच्या साहेबाच्या मडमेला आपल्या हिंदुस्थानातल्या सगळ्या नद्या पाठ आहेत. आणि आपल्या घरात...?" मामंजी मानी होते. दर रविवारी दुपारी सुनेला एक तास भूगोल शिकवायचा, असा हुकूम सुटला. अटी दोन. दार उघडं राहील, आणि आवाज आतल्या खोलीपर्यंत येईल.

पहिल्या रविवारी नकाशांचं भलंथोरलं पुस्तक उघडलं गेलं. घसा खाकरून, माझ्याकडे न बघता, मोठ्ठ्याने: "इटली हा युरोपच्या दक्षिणेस असलेला देश आहे!" आणि मग एकदम खालच्या पट्टीत, "साहेबलोक लग्न झालं की हनिमूनला जातात."

"म्हणजे काय?"

"हनी म्हणजे मध. मून म्हणजे चंद्र."

मी घाबरले. "पोट बरं नाही का इकडचं?"

"पोट?"

"माहेरी आजोबा मधातून चंद्रप्रभेच्या गोळ्या घ्यायचे..."

चष्मा काढून पुसणं झालं. परत लावणं झालं. "तसं नव्हे. नवराबायको दोघंच प्रवासाला जातात."

"दोघंच?"

"दोघंच."

"आणि आत्याबाई?"

"त्या नाहीत."

त्या वाक्याची मला जी भुरळ पडली! आत्याबाई नाहीत असा एक देश पृथ्वीवर आहे, हे मला वीस वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं.

झालं! दर रविवारी आमचा बेत पुढे सरकू लागला. मुंबईहून आगबोट. एडन, सुवेझ, आणि मग इटलीच्या टाचेशी ब्रिंदिसी नावाचं बंदर. तिथे उतरायचं आणि दोन घोड्यांची गाडी करायची. गाडी दोघांपुरती. तिच्यातून गावोगाव जायचं: नेपल्स, रोम, फ्लॉरेन्स, पिसा, आणि तसंच समुद्राच्या काठाकाठाने थेट फ्रान्सच्या दक्षिणेपर्यंत. मी बोटांनी अंतरं मोजली. ब्रिंदिसी ते नेपल्स एक बोट. फ्लॉरेन्स ते पिसा तर जेमतेम नखभर, म्हणजे ठाकूरद्वार ते मुंबादेवी! सकाळचं जेवण उरकून निघालं तर दिवेलागणीला रोम, असा माझा हिशेब. देशाचा आकार बुटासारखा आहे हे कळल्यावर मात्र मला घोर लागला.

"चामड्याच्या देशात पाऊल ठेवायचं तर सोवळ्याचं काय?"

"परत आल्यावर पंचगव्य घेऊ," गंभीरपणे उत्तर आलं.

मी तयारीला लागले. प्रवासात तोंडाला चव राहावी म्हणून लिंबाचं लोणचं घातलं. सहा बरण्या! (सासूबाई म्हणाल्या, "काय गं, घरात कार्य आहे का?") इटलीत आभार मानायला 'ग्रात्सिए' म्हणतात, असं कचेरीतून कळून आलं होतं. तो शब्द मी दारावर येणाऱ्या कोळणीवर घासून बघितला. तिने वाट्यावर दोन बोंबील जास्त घातले आणि मी झोकात म्हटलं, "ग्रात्सिए!" कोळणीने पाटी खाली ठेवली, पदर खोचला. "काय गो? शिवी देतंस काय मना?" दोन्ही बोंबील परत गेले.

असे चारेक महिने गेले. एका रविवारी धडा संपवून मी आत आले, तर दाराशीच सासूबाई सुपात तांदूळ निवडत बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय गं, दोघं मिळून कुठे कुठे जायचं म्हणताय? ते बिंद्रा... बिंद्राकाशी का काय?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागले.

"वृंदावन आणि काशी होय?"

मी मान हलवली.

"आणि ते नेपाळ? पशुपतिनाथाला?"

मान पुन्हा हलली. खरं सांगते, दुसऱ्या वेळी मी ती हलवली नाही. एकदा हललेली मान आपली आपण हलत राहिली.

संध्याकाळी नळावर ही बातमी शेजारच्या गोदूकाकूंना कळली. गोदूकाकूंना कळणं म्हणजे दवंडीवाल्याच्या पोटावर पाय! तासाभरात त्या दारात उभ्या. "अगो, मीही येते हो! गुडघे धरलेत माझे, पण काशीला का नाचायला जायचंय?" त्यांच्या मागून त्यांची जाऊ. जावेमागून तिची विहीण. दुसऱ्या दिवसापासून गंगेचं पाणी आणण्यासाठी तांब्याचे गडू यायला लागले, प्रत्येकावर नाव घातलेलं. शुक्रवारपर्यंत तेवीस झाले. आत्याबाई ते चिंचेने घासत, ओळीने मांडत आणि डोळे पुसत. "सून असावी तर अशी! सहा महिने झाले नाहीत लग्नाला, आणि तीर्थाची ओढ!" मी जमीन दुभंगायची वाट पाहत होते. पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत असू. दुभंगून उपयोग एवढाच, की खाली दामूअण्णांच्या स्वयंपाकघरात पडले असते!

दामूअण्णा शनिवारी स्वतःच वर आले. "सूनबाई, आमच्या काकांचं तेवढं बघायचं हो."

"काका येतायत का बरोबर?"

"येतायत तर! दोन वर्षं मागल्या पिंपळाला टांगलेत बिचारे, गाडग्यात. गंगा मिळाली नाही म्हणून अस्थी तशाच राहिल्या. आता तुझ्या पुण्याईने सुटतील."

माझ्या डोळ्यांपुढे ब्रिंदिसीचा धक्का उभा राहिला. त्यावर मी, सहा बरण्या लोणचं आणि दामूअण्णांचे काका!

मामंजींनी पंचांग उघडून मुहूर्त काढला आणि लगोलग बसायची व्यवस्थाही लावली. बायका बायकांच्या डब्यात, पुरुष पुरुषांच्या. म्हणजे माझ्या हनिमूनला मी आणि गोदूकाकूंचे गुडघे एका डब्यात, आणि नवरा दुसऱ्या डब्यात, मांडीवर काका!

रविवारी भूगोलाला बसले ती रडतच. नकाशातला समुद्र खरोखरीचा ओला झाला.

"आता खरं सांगून टाकायला हवं," मी हुंदके आवरत कुजबुजले. "आपण ब्रिंदिसीला जाणार म्हणून. आगबोटीची तिकिटं निघाली ना?"

"अगं, तिकिटं कुठली? मी कारकून. बोटींच्या वेळा मी कागदावर उतरवतो, एवढाच माझा आणि बोटींचा संबंध."

"म्हणजे जायचं नव्हतंच?"

"तुझ्याशी बोलायचं होतं. काय बोलावं ते सुचेना. आत सगळे कान देऊन बसलेले. मग म्हटलं, नकाशा बरा. मी गावावर बोट ठेवलं की तुझंही बोट तिथे येतं..."

मी रागावणार होते. सहा बरण्या लोणचं घातलेल्या बाईला रागवायचा पुरा हक्क असतो! पण ते शेवटचं वाक्य ऐकलं, आणि राग कुठे ठेवला होता तोच सापडेना.

"थांब. बाबांना सगळं सांगून येतो," असं म्हणून माझा लाजाळू नवरा ताडकन उठला. मी दाराआड. आत मामंजी पानाला चुना लावत होते, सासूबाई शेजारी. इकडून तोंड उघडलं जातंय तोच सासूबाईंनी विचारलं, "बाळ, कचेरीने दोन महिने रजा दिली का रे तुला?"

"र... रजा? नाही."

"ऐकलंत का? याला रजा नाही. मग हा कसला येतोय! आणि हा राहिला म्हणजे हिलाही राहायला हवं. त्याच्या जेवणाचं कोण बघणार?"

मामंजी चपापले. "अगं, पण बेत तर पोरांचाच होता! त्यांचं काशीचं पुण्य?"

"ते आपण आणू. तेवीस गडू कशाला घेतलेत?"

मी सासूबाईंच्या मागे चुलीपाशी गेले. पाय धरावे की हात जोडावे, सुचेना. "सासूबाई, मी तुमच्याशी..."

"नेपाळला आगबोटीने जातात होय गं?" त्यांनी भाकरी उलटली. "मला अक्षर येत नसेल, कान आहेत की नाही? चार महिने ऐकतेय, एडन काय न् सुवेझ काय!"

"मग तुम्ही त्याच दिवशी का नाही बोललात?"

"बोलले असते तर मला काशी कोणी दाखवली असती? यांना तीस वर्षं सांगतेय. फणसवाडीबाहेरचं एक गाव आम्ही दोघांनी मिळून पाहिलेलं नाही." एवढं बोलून त्यांनी तव्यावरची भाकरी निखाऱ्यांवर शेकायला टाकली. मग म्हणाल्या, "लोणच्याच्या चार बरण्या बांधून दे. दोन ठेव तुम्हाला."

ठरल्या मुहूर्तावर ती वरात बोरीबंदरला निघाली. घर असं रिकामं झालं, की आमचे श्वास आम्हालाच ऐकू यायला लागले. कोणी ऐकत नव्हतं. आता पोटभर बोलायचं! आणि तुम्हाला खोटं वाटेल, मला एक शब्द फुटेना. आठ दिवस आम्ही एकमेकांना वाढत आणि खाकरत होतो.

पुढच्या रविवारी, ऊन उतरल्यावर दारात व्हिक्टोरिया उभी राहिली. दोन घोड्यांची! "दादरपर्यंत जाऊन येऊ," म्हणणं झालं. मी कोपऱ्यात अंग चोरून, पदर कपाळावर ओढून बसले. चौपाटीला गाडी वळली, तसं हळूच ऐकू आलं, "नेपल्स." महालक्ष्मीच्या देवळाशी, "रोम." पुढे लालबागला गिरण्यांच्या चिमण्या दिसल्या. त्यांच्याकडे बोट दाखवून अगदी धड्याच्या आवाजात, "हे इटलीतले ज्वालामुखी!" मला हसू येत होतं, रडू येत होतं, बोलणं तेवढं येत नव्हतं. परळला गाडीवानाला राहवेना. मागे वळून म्हणाला, "शेट, बाई बीमार है क्या? इस्पिताल चलू?"

"बोल ना काहीतरी," इकडून काकुळतीने म्हणणं झालं. "आता तर कोणी नाही."

साठवलेल्या साऱ्या गोष्टींतून मी एक शोधू लागले, आणि तोंडातून निघालं, "दाराला कुलूप लावणं झालं का?"

"कुलूप? मला वाटलं तू लावलंस!"

"मी? मला वाटलं इकडून!"

"घरात देव चांदीचे! गाडी फिरवा!"

आणि आम्ही जे बोलायला लागलो! शेवटी बाहेर कोण पडलं इथपासून ते माझ्या माहेरी कुलपं असतात की नाही इथपर्यंत. मी वाद घालत होते, इकडून उत्तरं येत होती. मध्येच दोघांनाही हसू फुटत होतं, परत भांडण सुरू. भांडता भांडता कोळणीची गोष्ट निघाली, मग आजोबांच्या गोळ्यांची, मग साहेबाच्या मडमेची. गाडी लालबागला आली असेल, तेवढ्यात माझ्या कमरेला काहीतरी टोचलं. चाचपून पाहिलं. किल्ली! आणि लख्ख आठवलं: कुलूप मीच लावलं होतं, दोनदा ओढूनही पाहिलं होतं.

मी इकडे पाहिलं. चष्मा नाकावर घसरलेला, हातवारे चाललेले. हा माणूस इतकं छान बोलतो, हे मला माहीतच नव्हतं! मी पदर नीट केला, किल्ली आत सारली आणि म्हटलं, "तरी मी म्हणत होते, इकडे लक्षच नसतं!"

मग फणसवाडीपर्यंत आम्ही एक क्षण थांबलो नाही. धावत जिना चढलो. दाराला हातभर कुलूप लोंबत होतं.

"हे कोणी लावलं?" इकडून थक्क होऊन विचारणं झालं.

"कोण जाणे!" मी म्हटलं, आणि कमरेची किल्ली काढून दार उघडलं.